साखर, ओलं सरपण आणि अतिदक्षता विभाग



मागची काही व्याख्यानं आपण 'पुरावा म्हणजे काय' या प्रश्नाभोवती केली. त्यावर काही श्रोत्यांनी कळवलं की सर, उदाहरणं फार जुनी होतात, धूर आणि अग्नीच्या पुढे गाडी सरकत नाही. तक्रार रास्त आहे. म्हणून आज अगदी अलीकडचा इतिहास घेतला आहे, आणि तो ग्रंथालयात घडलेला नाही, इस्पितळांच्या अतिदक्षता विभागांत घडलेला आहे. मात्र आधीच सांगून ठेवतो, शेवटी धूर आणि अग्नीकडेच यावं लागणार आहे.

आमच्या नावामागे डॉक्टर लागतं ते तत्त्वज्ञानातलं. त्याचा रुग्णाला काडीचा उपयोग नाही. तेव्हा आज आम्ही जे सांगू तो उपचाराचा सल्ला समजू नका. एक मत कसं तयार झालं, जगभर कसं पसरलं आणि कसं दुरुस्त झालं, त्याची ही हकीकत आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याला घरचं कारण आहे. २०१७ साली आमचे थोरले बंधू, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, न्यूमोनियाने आजारी पडले आणि व्हेंटिलेटरवर गेले. अण्णांना वीस वर्षांचा मधुमेह. वहिनींनी त्यांची उपाशीपोटीची साखर कायम ११०च्या आसपास राखलेली. त्या आकड्याचा त्यांना अभिमान होता. आणि इथे पायथ्याशी लटकवलेल्या तक्त्यावर आकडे काय, तर १६८, १७२, १५९. वहिनी आमच्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, इतक्या वर्षांचं माझं केलेलं यांनी आठवड्यात घालवलं." आम्हीही तापलो आणि ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांना गाठलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, ती मुद्दाम तिथे ठेवलीय. हीच शुगर ९० दिसली असती तर मला काळजी वाटली असती."

मुद्दाम! या एका शब्दाने आमची झोप उडाली. घरी जो आकडा शहाणपणाचा तो इथे काळजीचा कसा? अण्णा बरे होऊन घरी आले, पण हा प्रश्न आमच्याबरोबर राहिला. आज जे सांगणार आहोत ते त्या प्रश्नामागे लागून वाचलेलं आहे.

सुरुवात एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसपासून करू. क्लोद बेर्नार या शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की साखर फक्त अन्नातून येत नाही, यकृत स्वतः ती तयार करतं आणि साठवतं. १८४९ साली त्याने एक विलक्षण प्रयोग केला. प्राण्याच्या मेंदूच्या तळाशी एका ठरावीक जागी सुई टोचली, तर मधुमेह नसलेल्या त्या प्राण्याच्या लघवीत साखर उतरली. रक्तस्राव झाला की रक्तातली साखर वाढते, हेही त्याच्या ध्यानात आलं होतं. म्हणजे साखर वाढायला मधुमेहच हवा असं नाही. शरीरावर मोठा घाव बसला तरी ती वाढते.

पुढे अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी याला भीतीची जोड दिली. १९११च्या सुमारास त्यांनी दाखवलं की घाबरवलेल्या मांजराच्या लघवीत साखर येते. मग त्यांनी माणसं तपासली. अवघड परीक्षा देऊन आलेले विद्यार्थी, चुरशीच्या सामन्याचे फुटबॉलपटू. गंमत बघा, सामन्यात पाऊलही न टाकलेल्या, नुसत्या बाकावर बसून धास्तावलेल्या राखीव खेळाडूंच्याही लघवीत साखर सापडली. संकट आलं की शरीर कोठार उघडतं. पळायला, लढायला इंधन हवं ना!

यावरून डॉक्टरांनी एक निष्कर्ष काढला आणि तो बराच काळ टिकला: गंभीर आजारात वाढणारी साखर हा शरीराचा स्वतःचा बंदोबस्त आहे, त्यात फार हात घालू नये. मेंदूला साखर लागते, तांबड्या पेशींना लागते. मग असू द्या थोडी जास्त.

इन्सुलिन आलं १९२२ साली. जानेवारीत टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याने मधुमेह्यांचं आयुष्य बदललं, पण मधुमेह नसलेल्या अत्यवस्थ रुग्णाची साखर हा प्रश्न तसाच राहिला. खरं म्हणजे तो प्रश्न तेव्हा उभाच राहिला नव्हता, कारण अत्यवस्थ माणूस दोन दिवसांत जात असे. त्याला आठवडे जगवून ठेवणारी जागाच नव्हती.

ती जागा तयार झाली डेन्मार्कमध्ये. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं डोळ्यांदेखत जात होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि हाताने पिशवी दाबून श्वास द्यायचा, असा मार्ग काढला. यंत्रं पुरेशी नव्हती. मग वैद्यकीय महाविद्यालयाचे सुमारे १,५०० विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस, पिशव्या दाबत बसले. या अनुभवातून पुढच्याच वर्षी अतिदक्षता विभागाची कल्पना आकाराला आली. आता माणूस मरणाच्या दारात तीन-तीन आठवडे थांबू शकत होता. आणि तीन आठवडे वाढलेली साखर ही मांजराच्या दहा मिनिटांच्या भीतीसारखी राहत नाही. जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाचं नुकसान, स्नायूंची झीज हे सगळं त्याच माणसांत दिसू लागलं.

तरीही १९९०च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणचा रिवाज असा, की साखर २००च्या बरीच वर गेली तरच इन्सुलिन सुरू करायचं. आकडे आम्ही आपल्याकडच्या मापात सांगतोय, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम.

आता येतं आपल्या कथेतलं मुख्य पात्र. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाच्या ग्रीट व्हान डेन बर्घ. त्यांनी जुन्या समजुतीला सरळ प्रश्न केला: ही वाढलेली साखर उपकारकच आहे हे कुणी तपासलंय का? त्यांनी शस्त्रक्रियेनंतर व्हेंटिलेटरवर असलेले १,५४८ रुग्ण घेतले. त्यांतले बहुसंख्य हृदयशस्त्रक्रियेचे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटात जुनाच रिवाज, साखर २१५च्या वर गेली तर इन्सुलिन, आणि ती १८० ते २०० दरम्यान राखायची. दुसऱ्या गटात शिरेतून सतत इन्सुलिन देऊन साखर ८० ते ११० मध्ये ठेवायची, म्हणजे निरोगी माणसाइतकी. वहिनींच्या आकड्याइतकी म्हणा ना!

निकाल २००१च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला. जुन्या रिवाजाच्या गटात अतिदक्षता विभागात ८ टक्के रुग्ण दगावले होते, कडक नियंत्रणाच्या गटात ४.६ टक्के. रक्तातला जंतुसंसर्ग आणि डायलिसिसची गरज, दोन्ही चाळीस टक्क्यांहून जास्त घटली. हे रुग्ण बहुतेक मधुमेही नव्हते, हेही लक्षात ठेवा.

अतिदक्षतेच्या वैद्यकात असा निकाल दशकांत एखादा येतो. आणि औषध कोणतं, तर ऐंशी वर्षांचं जुनं, स्वस्त, प्रत्येक फ्रिजमध्ये असलेलं इन्सुलिन. मग काय, जगभर तक्ते लागले. २००४ साली सेप्सिसवरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत साखर १५०च्या खाली ठेवा असं आलं. सिस्टर तासातासाला बोट टोचू लागल्या. साखर घट्ट धरणं हे चांगल्या इस्पितळाचं लक्षण ठरलं.

यात कुणाची लबाडी नव्हती, हे आवर्जून सांगतो. अभ्यास प्रामाणिक होता, आकडे खरे होते, डॉक्टरांचा हेतू रुग्ण वाचवण्याचाच होता. आणि म्हणूनच ही कथा आपल्या कामाची आहे. लबाडीतून झालेली चूक उघडी पडली की संपते. सद्हेतूने आणि खऱ्या आकड्यांवरून झालेली चूक शोधायला विचारच लागतो.

पहिली शंका त्यांच्याच घरातून आली. व्हान डेन बर्घ यांनी हाच प्रयोग शस्त्रक्रिया न झालेल्या, निव्वळ औषधोपचाराच्या १,२०० रुग्णांवर केला. २००६ साली निकाल आला. एकूण मृत्यूंत ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. साखर धोक्याइतकी खाली जाण्याचं प्रमाण मात्र ३.१ टक्क्यांवरून १८.७ टक्क्यांवर गेलं. २००८ साली जर्मनीतल्या सेप्सिसच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कडक नियंत्रणाचा भाग मध्येच थांबवावा लागला होता, याच कारणाने.

साखर खाली जाणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या मधुमेह्यांना सांगायला नको. घाम फुटतो, हात थरथरतात, भोवंडल्यासारखं होतं. आपण पटकन खडीसाखर तोंडात टाकतो. पण गुंगीच्या औषधाखाली, नळी घालून निजवलेला माणूस कुणाला सांगणार? त्याची थरथर औषधाने झाकलेली, त्याचा घाम तापाचा की साखरेचा, कळायचं कसं? मेंदू तर साखरेवर चालतो. शिवाय बोट टोचून घेतलेला आकडाही अशा वेळी दगा देतो. रक्तदाब पडलेला, हातापायांवर सूज, हिमोग्लोबिन कमी, अशा माणसात साधं ग्लुकोमीटर खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवू शकतं. यंत्र सांगतं शंभर, असते सत्तर. आणि त्या शंभरावर विसंबून आपण इन्सुलिन चालूच ठेवतो.

मग आली २००९ सालची मोठी चाचणी. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा आणि अमेरिका इथली ४२ इस्पितळं, ६,१०४ रुग्ण. तिचं नाव 'नाइस-शुगर'. एका गटात साखर ८१ ते १०८, दुसऱ्यात १८०च्या आत. नव्वद दिवसांनी मोजदाद झाली. १८०च्या आत ठेवलेल्या गटात २४.९ टक्के मृत्यू, कडक नियंत्रणाच्या गटात २७.५ टक्के. साखर धोक्याइतकी खाली गेली ती एकीकडे ०.५ टक्के रुग्णांत, दुसरीकडे ६.८ टक्के.

फरक २.६ टक्क्यांचा. ऐकायला लहान वाटतो. त्याचा हिशेब असा होतो की दर ३८ रुग्णांवर कडक नियंत्रण केलं, तर त्यांतला एक असा दगावतो जो एरवी जगला असता. एका मोठ्या इस्पितळात ३८ रुग्ण दोन-तीन आठवड्यांत येऊन जातात. आणि त्या एकाचं नाव कुणालाच कळत नाही. तो न्यूमोनियाने गेला, सेप्सिसने गेला, असंच कागदावर येतं. बिछान्याशी उभ्या असलेल्या डॉक्टरला तो कधीच दिसत नाही. तो फक्त सहा हजारांच्या बेरजेत दिसतो. अनुभवी नजर मोठी गोष्ट खरी, पण दर अडतिसात एक ही गोष्ट नजरेला दिसत नाही. इथे मोजावंच लागतं.

मार्गदर्शक सूचना बदलल्या. साखर १८०वर गेली तर इन्सुलिन सुरू करा आणि साधारण १४० ते १८० मध्ये ठेवा, असं ठरलं. अण्णांच्या तक्त्यावरचे आकडे आठवले? १६८, १७२, १५९. त्या डॉक्टरांच्या 'मुद्दाम' या शब्दामागे एवढा इतिहास होता.

पण आमच्यासारख्या माणसाचं एवढ्याने समाधान होत नाही. २००१चा निकाल खरा आणि २००९चाही खरा. मग एकाच उपायाने लूव्हेनमध्ये माणसं वाचली आणि इतरत्र दगावली, हे कसं?

इथे आपण धूर आणि अग्नीकडे येतो. धूर दिसला की अग्नी आहे असं अनुमान करता येतं, हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या नैयायिकांनी पुढे विचारलं, उलट चालेल का? जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणता येईल का? नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत तर दरवेळी धूर दिसतो, तो कशाने? सरपण ओलं असतं म्हणून. धूर नुसत्या अग्नीने होत नाही, अग्नी आणि ओलं सरपण यांच्या संयोगाने होतो. अशा लपलेल्या अटीला ते 'उपाधी' म्हणत. ज्याने आयुष्यभर ओल्या सरपणाची चूलच पाहिली, तो शपथेवर सांगेल की अग्नी तिथे धूर असतोच. त्याने पाहिलेलं खोटं नाही. त्याला सरपण दिसलेलं नाही, इतकंच.

लूव्हेनचं सरपण कोणतं? तिथल्या २००१च्या अभ्यासात प्रत्येक रुग्णाला दाखल झाल्याबरोबर शिरेतून साखरेचं पाणी सुरू होई, चोवीस तासांत २०० ते ३०० ग्रॅम साखर. पाव किलोच्या आसपास! त्यानंतरही गरजेनुसार शिरेतून अन्न. नाइस-शुगरच्या रुग्णांना मुख्यतः नाकातल्या नळीतून पोटात अन्न जात होतं, शिरेतून फारसं नाही. आता विचार करा. एका बाजूने रक्तात साखर ओतली जात असताना दुसऱ्या बाजूने इन्सुलिनने ती आवरणं, यात फायदा दिसणं शक्य आहे. जिथे ओतणंच नाही तिथे तेच इन्सुलिन काय करणार? फरकाची इतरही कारणं होती. साखर मोजायची पद्धत वेगळी होती, आणि तुलनेसाठी घेतलेला गटही वेगळा होता. एकीकडे १८० ते २००, दुसरीकडे १८०च्या आत. पण हे सरपण महत्त्वाचं होतं.

ही शंका नुसती चर्चेत राहिली नाही. ती तपासली गेली, आणि तपासली कुणी? व्हान डेन बर्घ यांच्याच गटाने. २०११ साली त्यांनी ४,६४० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिरेतलं पूरक अन्न लगेच सुरू करणं बरं, की आठवडाभर थांबणं बरं? थांबलेल्यांना जंतुसंसर्ग कमी झाला आणि ते लवकर सावरले. म्हणजे जे अन्न त्या स्वतः दया म्हणून देत आल्या होत्या, त्याची घाईच नडत होती. मग २०२३ साली याच लूव्हेनच्या पुढाकाराने ९,२३० रुग्णांवरची चाचणी पूर्ण झाली. या वेळी दोन्ही गटांत लवकरचं शिरेतलं अन्न बंद. ओलं सरपण काढून घेतलं म्हणा. साखर धमनीतल्या रक्तातून मोजायची आणि इन्सुलिन किती द्यायचं ते संगणकाच्या आज्ञावलीने सांगायचं, त्यामुळे साखर फार खाली जाण्याचा धोकाही नगण्य झाला. निकाल? अतिदक्षता विभागातले दिवस दोन्ही गटांत सारखे. नव्वद दिवसांतले मृत्यू १०.१ आणि १०.५ टक्के, म्हणजे सारखेच. अग्नी होता, धूर नव्हता.

बावीस वर्षं. ज्या बाईंच्या नावावर तो गाजलेला निकाल होता, त्यांच्याच गटाने त्या निकालाची मर्यादा ठरवून दिली. आम्ही चाळीसएक वर्षं शिकवलं, मोठमोठी पांडित्यं पाहिली. स्वतःच्या सर्वांत प्रसिद्ध सिद्धांताखालचं सरपण स्वतः काढून बघणारे फार थोडे भेटले.

आता एक उलटा धोका सांगतो. हे ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे इस्पितळात साखरेकडे बघायलाच नको. तसं मुळीच नाही. याचा दाखला आपल्या महाराष्ट्राजवळच आहे. कोविडमध्ये ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडने जीवदान मिळतं, हे २०२० साली सिद्ध झालं. पण स्टेरॉइडने साखर भराभर चढते. २०२१च्या दुसऱ्या लाटेत खाटा मिळत नव्हत्या, कुणी घरीच, कुणी गरजेपेक्षा जास्त दिवस स्टेरॉइड घेत होतं, आणि साखर कुणी मोजत नव्हतं. त्यातून काळ्या बुरशीचा, म्युकरमायकोसिसचा, जो कहर झाला तो सर्वाधिक महाराष्ट्रात आणि गुजरातेत दिसला. माणसं वाचली, पण कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा. साखर हे त्यातलं एकच कारण नव्हे, पण मोठं कारण होतं. तेव्हा १८०ची वरची मर्यादा ही ढिलाई नाही. तीही तितकीच मोजूनमापून आलेली आहे. 'घट्ट आवळू नका' याचा अर्थ 'सोडून द्या' असा होत नाही.

मग आपण, म्हणजे बिछान्याशेजारी उभे असलेले नातेवाईक, काय करायचं? डॉक्टरांशी भांडायचं नाही आणि मुकाट्यानेही बसायचं नाही. प्रश्न बदलायचा. 'शुगर १६० का?' असं विचारण्याऐवजी विचारा, किती वेळाने मोजता? खाली गेली तर तुम्हाला कसं कळतं? स्टेरॉइड चालू आहे का? नळीतलं अन्न थांबवलं तर इन्सुलिनही थांबवता ना? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. तपासणीसाठी अन्न बंद ठेवलं आणि इन्सुलिन चालूच राहिलं, तर साखर बघता बघता उतरते. चांगले डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाहीत.

आणि घरी? घरी वहिनींचंच बरोबर होतं. चालत्याफिरत्या, खात्यापित्या, स्वतःचा घाम स्वतःला कळणाऱ्या अण्णांसाठी तो आकडा योग्यच होता. फक्त तो आकडा अण्णांच्या त्या अवस्थेचा होता, साखरेचा नव्हे. अण्णा घरी आल्यावर आम्ही त्यांना हे सगळं ओल्या सरपणासकट समजावून सांगितलं. वहिनी पोळ्या लाटता लाटता ऐकत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, एवढं कळायला तुम्हाला पुस्तकं लागली? चुलीशी बसला असतात तर आधीच कळलं असतं."

आम्ही मान्य केलं. पुढच्या खेपेला भेटू. प्रश्न नेहमीप्रमाणे लिहून पाठवा.